नऊ महिने नुसता पत्ता
(वाचकांचे प्रश्न, फौजी काकांची उत्तरं)

मंडळी, पत्रं खूप साठली होती, त्यात संपादकबाईंनी फर्मान काढलं की काका ह्या वेळी फक्त फौजी घरातले प्रश्न घ्या, सांधेदुखीचे आणि सुनांचे पुढच्या महिन्यात. ठीक आहे. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी सिग्नल्सवाला, म्हणजे फौजेच्या फोन-वायरलेसच्या शाखेतला, 1979 ला जबलपूरला भरती झालो, 2007 ला सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि तेव्हापासून इंदूरला राजेंद्रनगरात सकाळी पोहे आणि संध्याकाळी तुमची पत्रं, असा आपला कार्यक्रम.

प्रश्न : काका, माझे बाबा गेल्या श्रावणात गेले. 26 वर्षं पायदळात होते, नायब सुभेदार म्हणून रिटायर झाले. खरं सांगू का, आम्हा दोघी बहिणींना ते कधी जवळचे वाटलेच नाहीत, सुट्टीवर आले की घरात पाहुणा आल्यासारखं व्हायचं आणि जरा सवय होतेय तोवर ते निघून जायचे. परवा त्यांची काळी ट्रंक उघडली तर आईची सगळी इनलँड पत्रं सुतळीनं बांधून ठेवलेली, प्रत्येकावर लाल पेन्सिलीनं नंबर आणि तारीख, जसं काही ऑफिसचं रजिस्टर. आणि एका डायरीत घडी केलेला कागद, त्यावर पेननं काढलेलं लहान मुलाचं पाऊल. आई म्हणते ते माझं. हे प्रेम होतं का नुसती फौजेची सवय? मला दोन रात्री झोप नाही. — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी हिला वाचून दाखवलं आणि ती उठून आत गेली, म्हणून उत्तराला जरा उशीर झाला.

आधी नंबरांचं सांगतो कारण ते माहीत नसलं की खरंच रजिस्टर वाटतं. आम्ही फील्डला असलो की आमचा पत्ता म्हणजे नंबर, रँक, नाव, युनिट आणि खाली 56 एपीओ, म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, नाहीतर पूर्वेकडे असलो तर 99 एपीओ, बास. गाव नाही, जिल्हा नाही, घरच्यांना कळायचंच नाही माणूस नक्की कुठल्या डोंगरावर बसलाय. पत्र आधी दिल्लीला नाहीतर कलकत्त्याला जाणार, तिथून आर्मीची डाक ते उचलणार, पुढे ट्रक, मग खेचर, मग कोणाच्या तरी पाठीवर, आणि मध्ये बर्फ पडला की आठ-आठ दिवस काहीच नाही आणि मग एकदम पाच पत्रं. ती पाच पत्रं क्रमानं नसतात गं. माझं झालं होतं असं, चौदा नंबर आधी आलं, त्यात हिनं लिहिलेलं की मुलगा आता परत शाळेत जायला लागलाय. परत म्हणजे? कुठे गेला होता? बारा आणि तेरा नंबर आले अकरा दिवसांनी, बाराव्यात टायफॉइड, तेराव्यात ताप उतरला. ते अकरा दिवस मी कसे काढले ते मला विचारू नकोस. नंबर होते म्हणून निदान एवढं तरी कळलं की मधली दोन पत्रं वाटेत आहेत. लाल पेन्सिलीची तारीख म्हणजे पत्र हातात पडलं तो दिवस, त्यावरून आपण हिशोब मांडायचा की आज लिहिलं तर घरी कधी पोचेल, राखीच्या आधी का नंतर.

आता पाऊल. ते बुटासाठी. मुलांचे पाय वाढतात आणि बाप तर तिकडे, मग बायकोला लिहायचं की पोराला कागदावर उभं कर आणि भोवतीनं पेन फिरव. आमच्या हिनं कालनिर्णयच्या पानामागे काढून पाठवलं होतं, अंगठ्यापाशी रेघ वाकडी गेलेली कारण पोरगं हललं, आणि बाजूला लिहिलेलं, गुदगुल्या होतात म्हणतोय. तो कागद घेऊन मी जम्मूच्या बाजारात दुकानदारासमोर बूट त्यावर ठेवून ठेवून बघत होतो. घेतले, ट्रंकेत ठेवले. आणि सुट्टी कॅन्सल. दोन महिन्यांनी मालवा एक्स्प्रेसनं, तेव्हा ती जम्मूपासून निघायची, इंदूरला उतरलो तर बूट टाचेपाशी अडले, घालताच येईनात. शेजारच्या मुलाला दिले शेवटी. त्यानंतर मी बोटभर मोठेच घ्यायला लागलो आणि पोरगं पुढचं सगळं लहानपण बुटात कापूस कोंबून फिरलं, अजून बोलून दाखवतो.

तू म्हणतेस पाहुणा. बरोबर आहे तुझं. जवानाला वर्षाची सालाना सुट्टी 60 दिवस आणि कॅज्युअल 30, असे मिळून 90, ते पण कागदावर, मिळाले तर आणि तुकड्या-तुकड्यानं. म्हणजे वर्षातले तीन महिने बाबा आणि नऊ महिने नुसता पत्ता. मी एकदा रिकाम्या वेळी हिशोब केला होता की माझी मोठी मुलगी दहावी होईपर्यंत मी तिच्याबरोबर एका छपराखाली किती राहिलो, तर सगळे मिळून चार वर्षांच्या आसपास निघाले, त्यातले दोन जबलपूरच्या फॅमिली क्वार्टरमधले. वही मिटून टाकली, हिला दाखवली नाही. सुट्टीवर आलं की पहिले चार दिवस मुलं लांबून बघतात, मग जवळ येतात, मग आपण बिस्तरा बांधायला लागतो. माझी धाकटी तर मला घरातल्या फोटोवरून ओळखायची, आणि मी समोर उभा असताना फोटोकडे बोट दाखवून बाबा म्हणाली होती.

आणि गंमत बघ, मी सिग्नलवाला. उधमपूरला एक्स्चेंजवर बसून दिवसभर लोकांचे फोन लावून द्यायचो, साहेबाचा दिल्लीला, कोणाचा कुठे, आणि आमच्या घरी फोनच नाही. किराणा दुकानाचा पीपी नंबर, म्हणजे फोन दुकानात येणार आणि ते घरच्यांना हाक मारणार. एसटीडीचा दर रात्री उशिरा पाव व्हायचा तेव्हा रांगेत उभं राहायचं, तोवर दुकान बंद.

सवय का प्रेम, हे विचारलंस तर मी तुला एकच गोष्ट बघायला सांगेन. तुझ्या बाबांच्या 26 वर्षांत दर दोन-तीन वर्षांनी बदली, म्हणजे कमीत कमी नऊ-दहा वेळा त्यांनी सगळं सामान एका ट्रंकेत आणि एका होल्डॉलमध्ये बसवलं. दर बदलीला माणूस वस्तू टाकत जातो, पुस्तकं वाटतो, चादरी देऊन टाकतो, मी तर लग्नातला सूट पण जोधपूरला देऊन आलो. त्या प्रत्येक वेळी ती सुतळी बांधलेली पत्रं टाकायच्या ढिगात गेली नाहीत. तू आता फुटपट्टी घे आणि ते पाऊल मोज. मग त्या वर्षीची आईची पत्रं काढ आणि नंबर बघ मधला कुठला गायब आहे का. असेल तर आईला विचार त्यात काय लिहिलं होतं, तिला आठवत असणार.

प्रश्न : काका, लग्नाला पाच महिने झाले. हे सध्या जम्मू साइडला फील्डमध्ये आहेत, तिथे फॅमिली नेता येत नाही. सासूबाई म्हणतात इथेच रामबागेत राहा, हे म्हणतात महूला एसएफ क्वार्टरसाठी अर्ज टाकू. काय करू? — एक वाचक, इंदूर

उत्तर : सूनबाई, अर्ज टाका. सेपरेटेड फॅमिली क्वार्टर हे ह्याच्यासाठीच असतं, नवरा फील्डला आणि बायको कॅन्टोन्मेंटमध्ये, शेजारीपाजारी सगळ्यांचं तेच, मिलिटरी हॉस्पिटल जवळ, पुढे मुलं झाली की शाळा जवळ. रात्री फोन आला नाही तर बाजूच्या दारावर टकटक करून विचारता येतं की तुमच्याकडे आला का, आणि तिच्याकडे पण आला नसेल तर समजायचं नेटवर्क गेलंय, झोपा. रामबागेत हे कोणाला विचारणार? वेटिंग असतं, लगेच मिळणार नाही, तोवर सासूबाईंकडे राहा आणि मिळाल्यावर पण रविवारी जात जा, महू काय 23 किलोमीटर आहे, लोक सराफ्यात खायला त्याच्याहून लांबून येतात.

पण ह्या सगळ्याच्या आधी यजमानांना एक विचारा, लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या कागदात लग्नाची नोंद, झाली का? हो म्हणाले तर नंबर आणि तारीख विचारून वहीत लिहून ठेवा. का, ते खालच्या पत्रात वाचा.

प्रश्न : माझे मिस्टर हवालदार होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, मागच्या वर्षी वारले. फॅमिली पेन्शनचं काम अडकलंय कारण त्यांच्या फौजेच्या कागदात माझं माहेरचं नाव आहे आणि आधार, बँक सगळीकडे सासरचं. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात आठ महिने फिरतेय. एका साहेबांनी तर विचारलं की ही पहिली बायको का? — एक वाचक, उज्जैन

उत्तर : वहिनी, त्या साहेबाबद्दल मी काय बोलू, इथे छापता येणार नाही.

आपल्याकडे लग्नात तांदळात नवीन नाव लिहायची हौस, ती अशी अंगाशी येते. समजा माहेरची कुसुम, सासरची सुनंदा. जवानानं लग्न झाल्यावर युनिटमध्ये सांगितलं, क्लार्कनं विचारलं बायकोचं नाव, ह्याच्या तोंडात कुसुम आलं, पार्ट टू ऑर्डर निघाली, रेकॉर्ड ऑफिसला कुसुम चढली. घरी मात्र रेशनकार्डापासून आधारपर्यंत सुनंदा. माणूस जिवंत असेपर्यंत कोणाचं काही अडत नाही कारण पेन्शन त्याच्या नावावर येते, आणि तो गेला की दुसऱ्या दिवसापासून कुसुम आणि सुनंदा ह्या दोन बायका होतात. फौजेत जे पार्ट टू ऑर्डरमध्ये नाही ते झालंच नाही, लग्न नाही, मूल नाही, काही नाही.

आता करायचं असं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं शपथपत्र मॅजिस्ट्रेटसमोर करून घ्या, नावाची जाहीर सूचना पेपरात द्या आणि कात्रण जपून ठेवा. मग मिस्टरांचं डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), मृत्यूचा दाखला, तुमचं आधार, लग्नाचा काही पुरावा असेल तो, पत्रिका असली तरी चालेल, हे सगळं घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि त्यांच्यामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवा, स्वतः परस्पर पोस्टानं नको. प्रत्येक कागदाची झेरॉक्स आणि अर्जावर पोचशिक्का. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असते आणि अडकलेल्या महिन्यांची थकबाकी मिळते, ती सोडू नका. पुढे चालू झाली की दरवर्षी जीवनप्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला, द्यायचं असतं, ते चुकलं की पेन्शन परत बंद, म्हणून नातवाला आत्ताच सांगून ठेवा.

आणि जे फौजी हे वाचतायत आणि अजून धडधाकट आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती, आज रात्री पीपीओ काढा आणि बायकोचं नाव स्पेलिंगसकट आधारशी लावून बघा. लग्नाच्या वाढदिवसाला साडी घेता ना, ती राहू दे, आधी हे करा. मी माझं तपासलं तेव्हा हिच्या जन्मतारखेत चार वर्षांचा फरक निघाला, हिला ते फार आवडलं होतं कारण कागदावर ती लहान होती, पण दुरुस्त केलं.

प्रश्न : काका मी बीकॉम सेकंड इयरला आहे, अग्निवीरची तयारी करतोय, पप्पा नाही म्हणतात. तुम्ही सांगा ना त्यांना. — एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : मी कशाला सांगू, तुझे पप्पा माझ्याकडे भांडायला यायचे. माहिती देतो, निर्णय तुमचा. 2022 पासूनची ही योजना, चार वर्षांची नोकरी, त्यातून 25 टक्क्यांपर्यंत मुलं पुढे कायम घेतात. बाकीच्यांना सेवा निधीचे साधारण 11.71 लाख मिळतात, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सुट्टी वर्षाला 30 दिवस. म्हणजे माझ्या वेळचा तीन महिन्यांचा मुलगा, तू एका महिन्याचा होशील. पप्पांना कशाची काळजी आहे ते नीट विचार, पैशाची का त्या तीस दिवसांची, कारण दोन्हीचं उत्तर वेगळं आहे. आणि बीकॉम पूर्ण करायचं कसं ते आधी ठरव, चार वर्षांनी परत यावं लागलं तर डिग्री हातात पाहिजे.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेत 'आपल्या गावचा सैनिक' असा प्रोजेक्ट आहे. माझ्या सगळ्या मैत्रिणी कारगिलवर लिहितायत. मला वेगळं काहीतरी सांगा. — एक विद्यार्थिनी, महू

उत्तर : अगं तुझ्या घरापासून काली पलटनचा भाग किती लांब आहे? तिथे बाबासाहेबांचं जन्मस्थान आहे, सगळे बाबासाहेबांवर लिहितात, तू त्यांच्या वडिलांवर लिही. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. त्यांचे वडील फौजेत, बायको भीमाबाई त्यांचं माहेर पण फौजी. रामजी फौजेच्या शाळेत मास्तर होते, जवळजवळ 14 वर्षं हेडमास्तर. त्या वेळी फौजेत जवानांच्या मुलांना, मुलींना सुद्धा, शाळा सक्तीची होती, हे तुझ्या प्रोजेक्टमध्ये जरूर घाल, कारण गावात तेव्हा अस्पृश्यांना शाळेच्या पायरीवर उभं करत नव्हते. 14 अपत्यं, त्यातली पाच जगली, आणि सगळ्यात धाकटा 14 एप्रिल 1891 ला महूत जन्मला तो भीमराव.

पेन्शनवर आल्यावर दापोली, मग सातारा. तिथे भीमाबाई गेल्या. पुढे रामजींना खटाव तालुक्यात खजिनदाराची नोकरी लागली, मुलं साताऱ्यालाच. 1901 च्या सुमाराला मुलं सुट्टीत वडिलांकडे निघाली, नवीन शर्ट, जरीच्या टोप्या, नवीन बूट घालून, आणि मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यायला कोणीच नाही. पत्र पाठवलेलं होतं, पण ज्या माणसाकडे आलं तो रामजींना द्यायला विसरला. जात कळल्यावर बैलगाडीवाले तयार होईनात, दुप्पट भाडं देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकली, गाडीवाला बाजूनं चालला, आणि रात्रभर कोणी पाणी दिलं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. मला ते वाचताना प्रत्येक वेळी त्या न पोचलेल्या पत्राचाच विचार येतो, रामजींना दुसऱ्या दिवशी कळलं असेल तेव्हा काय वाटलं असेल.

मुंबईत चाळीतल्या एका खोलीत सगळे. रामजी रात्री दोनपर्यंत स्वतः जागे राहायचे आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागेवर आपण झोपायचे. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलीकडून दागिना आणून गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवायचा. 1913 च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला महाराजांच्या नोकरीत गेले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. निघाले, वाटेत सुरतला गाडीतून उतरले, वडिलांसाठी मिठाई घ्यायला. गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा अगदी शेवटची भेट झाली, 2 फेब्रुवारी 1913. हे सगळं लिही, आणि ती मिठाईची गोष्ट गाळू नकोस, बाई म्हणाल्या लहान आहे तरी.

प्रश्न : यजमान सुभेदार मेजर म्हणून रिटायर होऊन सहा महिने झाले. पहाटे पाचला सगळ्या घराचे दिवे लावतात, फ्रिजवर ड्यूटी चार्ट चिकटवलाय, सुनेला चपलांची लाइन लावायला सांगतात. वेड लागायची वेळ आली आहे. — एक वाचक, बडोदा

उत्तर : वहिनी, सहा महिने म्हणजे काहीच नाही, आमच्याकडे दीड वर्ष चाललं. मी पण चार्ट लावला होता. ही काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी हिनं चार्टावर लाल पेन्सिलीनं माझ्या नावापुढे शेरा मारला, दळण आणलेले नाही, खुलासा द्यावा. आणि खाली सही. मी गेलो गिरणीवर. तिथे रांगेत उभं असताना लक्षात आलं की आपल्याला आपल्या घराची गिरणी कुठली हेच माहीत नाही, मी भलत्याच गिरणीवर डबा देऊन आलो होतो, आणि गव्हाच्या जागी ज्वारी घेऊन घरी. 28 वर्षं हे घर माझ्याशिवाय चालत होतं, त्याच्या सगळ्या एसओपी, म्हणजे कामाचे ठरलेले नियम, हिच्याकडे, आणि मी नवीन पोस्टिंग आलेला रंगरूट, तो आल्या आल्या पलटन सुधारायला निघालेला. त्यांना चपलांवरून काढा आणि दळण, वीजबिल, भाजी असं एकेक काम द्या, एकटं पाठवा, चुकले तर हसू नका, निदान समोर. सुनेला म्हणावं पहाटे पाचचा चहा मात्र त्यांच्याकडूनच करून घे, लंगरचा चहा त्यांना येतच असणार, भरपूर आलं घातलेला, आणि तो खरंच चांगला असतो.

पुढच्या महिन्यात सांधेदुखी आणि सुना. प्रश्न वीस तारखेपर्यंत पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचे मेसेज नकोत, मला नीट ऐकू येत नाही. जे एकाहून जास्त पत्रं पाठवतात त्यांनी वर नंबर घालावा.